पत्ता: अर्धापूर

पाऊस पडून दोन दिवस झाले होते. बागेतली ओल अजून सुकली नव्हती. आजोबांचं जुनं धोतर मी केळीच्या दोन खोडांना सुतळीनं ताणून बांधलं, मोटारीच्या खोलीतून वायर ओढून त्याच्यापुढे बल्ब टांगला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिलो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळे काका दारं धरायला आलेलेच होते. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. दोनदा काही न बोलता माझ्यावरून गेले. तिसऱ्यांदा थांबले.

"काय करायलास रे?"

"किडे बघायलो, काका."

"त्याला लाईट कशाला जाळतोस? दिवसा ये. हळदीत लई हायत. बघून घे आन् फवारणीचे पैसे बी तूच दे."

अर्धापूरचं नाव घेतलं की लोकांना केळी आठवतात, आणि अलीकडे हळद. इसापूरच्या धरणाचं पाणी कालव्यानं आलं आणि इथल्या काळ्या रानाचा तोंडवळाच बदलला. जिथे केळी तिथे सोंडकिडा, जिथे हळद तिथे कंदमाशी. काकांना ही सगळी मंडळी नावानिशी ठाऊक. हुमणी, मावा, तुडतुडे, फुलकिडे, हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीतली गुलाबी बोंडअळी. मला पुढे लक्षात आलं, की कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ज्या किड्याची बाटली मिळते, त्याचंच नाव काकांच्या तोंडी आहे. बाकी सगळे नुसते 'पाखरं' किंवा 'चिल्टं'.

काकांना हसण्यात अर्थ नाही. शास्त्राचा रिवाजही फार वेगळा नाही. गुलाबी बोंडअळीला तिचं शास्त्रीय नाव मिळालं ते भडोचच्या सरकारी कापूसमळ्यातून १८४२च्या सुमाराला तक्रार गेली म्हणून. अळीनं बोंडं नासवली, नमुने विलायतेला गेले, आणि सॉन्डर्स नावाच्या गृहस्थांनी तिचं बारसं केलं. केळीच्या कंदातल्या सोंडकिड्याला गेर्मारनं १८२४ साली दिलेलं नाव आहे 'सॉर्डिडस', म्हणजे मळकट. त्या बिचाऱ्याचा रंग काळा, आणि राहतो मातीला लागून. आणखी कसा दिसणार? हळदीच्या कंदमाशीची गोष्ट तर न्यायालयात जावी अशी आहे. ती कंद कुजवते म्हणून तिच्यावर फवारणी चालते. पण आल्या-हळदीवर काम करणाऱ्या काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की कंद आधी रोगानं कुजतो आणि मग ही तिथे अंडी घालायला येते. लांब पायांची, काळी, किडकिडीत माशी. पानावर अशी तोलून-मापून चालते, जणू आत्ताच कुणी तिला चोर म्हणून हाक मारली आहे.

तर ती रात्र. आधी तुडतुडे आले, धोतरावर सांडलेल्या पोह्यांसारखे. मग पतंग. मग शेणातले भुंगेरे, टपटप आपटत, पाठीवर पडून पाय झाडत. एक रातकिडा धोतराच्या काठावर येऊन बसला आणि बल्बकडे पाठ करून गप्प झाला. साडेअकराच्या सुमाराला ती आली.

हळकुंड मोडल्यावर आतून दिसतो तसा रंग. दीड पेर लांबी. पोट विळ्यासारखं वाकलेलं आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यासारखं चपटं. मिशा अंगाएवढ्या लांब, सतत थरथरणाऱ्या. डोळे टपोरे, आणि त्यांच्या मधे टाळूवर आणखी तीन बारके डोळे, रात्रीच्या कामाचे. पतंग आपटतात तशी ती आपटली नाही. पाय खाली सोडून तरंगत उतरली. मी बाटली न घेता चिमटीत धरायला गेलो आणि बोटाला टोचून घेतलं.

काकांनी बॅटरी मारली. "गांधीलमाशी हाय व्हय?"

"तिची लांबची बहीण. ही अळीच्या अंगात अंडं घालते. पिल्लू आतून अळी खातं."

"मंग हिला औषध कोणतं मारायचं?"

"हिला मारायचं नाही, काका. ही आपल्याच बाजूची."

"नाव काय?"

"बघावं लागंल."

"मारायचं नाही तर नाव कशाला पाहिजे?" असं म्हणून ते पुढच्या सरीकडे गेले.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी तिचा पंख ठेवला. तो प्रसंग मी आयुष्यात विसरणार नाही. पुढच्या पंखावर सगळीकडे बारीक लव असते. पण नसांच्या मधल्या एका घरात लव नाही. धुळीनं माखलेल्या खिडकीची काच बोटानं पुसावी, तेवढी जागा नितळ. आणि त्या नितळ जागेत मधाच्या रंगाचे, टणक, इवले दोन कण. एक मोठा, त्रिकोणाकडे झुकणारा. दुसरा पुसट, स्वल्पविरामासारखा. हा एनिकोस्पिलस वंश. जगभर त्याच्या सातशेहून अधिक जाती आहेत, आणि एकीपासून दुसरी वेगळी काढताना या कणांची संख्या, त्यांचा आकार, एकमेकांपासून अंतर हे पाहावं लागतं. माणसं तिळावरून ओळखतात, तसं.

या माशा ओळखण्याचं काम आपल्याच मुलखात झालं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या पी. के. निकम यांचा एनिकोस्पिलसच्या भारतीय जातींवरचा मोठा अभ्यास १९८० साली 'ओरिएंटल इन्सेक्ट्स'मध्ये छापून आला होता. त्याची झेरॉक्स एका सरांनी मला दिली. अशा अभ्यासात एक किल्ली असते. प्रत्येक पायरीवर दोन वाक्यं. आपल्या हातातल्या किड्याला जे लागू पडतं ते धरायचं आणि सांगितलेल्या आकड्यावर जायचं. मी आठ-दहा पायऱ्या उतरलो आणि एका ठिकाणी अडकलो. हेही जुळेना, तेही जुळेना. छातीत धडधडायला लागलं. अर्धापूरच्या केळीत, आजोबांच्या धोतरावर, नवी जात!

सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "नवी म्हणायच्या आधी जुन्या सगळ्या बघायच्या असतात." किल्ली १९८०ची. त्यानंतर काय छापून आलं? शेजारच्या देशांत कुणी तिला आधीच नाव दिलंय का? दिलं असेल तर पहिलं नाव चालणार, तुमचं बाद. ज्या एका नमुन्यावरून नाव दिलं जातं त्याला होलोटाइप म्हणतात. तो कुठल्या तरी संग्रहालयाच्या खोक्यात असतो, लंडनला नाहीतर कलकत्त्याला, आणि शंका आली की त्याच्याशीच ताडून पाहावं लागतं. एका नमुन्यावर उडी मारायची नाही. नर हवा, मादी हवी. लिन्नियसनं १७५८ साली हा कारखाना सुरू केला तेव्हापासून दहा लाखांवर कीटकांना नावं मिळाली, आणि अंदाज असा की एकूण जाती पंचावन्न लाखांच्या घरात असाव्यात. म्हणजे घाई खूप आहे आणि घाई करून चालत नाही.

शेवटी ठरलं, की नमुना जाणकाराकडे पाठवायचा. मी स्पिरिटच्या कुप्या काढल्या. दोन होत्या. एक अर्धापूरची, दुसरी पुढच्या आठवड्यात किनवटच्या सागवानी जंगलात दिव्यावर मिळालेली, तशीच हळदी रंगाची माशी. दोन्हींत मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बाहेर काढल्या तर दोन्ही कोऱ्या. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळून गेली होती. स्पिरिट तेवढं किंचित निळसर दिसत होतं. कुठली कोणती, सांगता येईना. गाव नाही, तारीख नाही, केळी की साग तेही नाही. सरांनी कुपी उजेडात धरली, परत ठेवली. "पत्ता नसलेला नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा," म्हणाले.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्याही नंतर सुचलं, हरभऱ्याच्या रानात. घाटेअळी खाणारी एक बारकी काळी माशी आहे, कॅम्पोलेटिस क्लोरिडी. अळी लहान असतानाच ती तिच्यात अंडं घालते. पुढे अळीचं नुसतं सुकलेलं कातडं उरतं आणि शेजारी पानाला चिकटलेला इवला कोश. उचिदा या जपानी अभ्यासकानं १९५७ साली तिला नाव दिलं. तेही अळीच्या तेव्हाच्या नावावरून, म्हणजे ओळख पुन्हा शत्रूच्या घरची! पण नाव मिळालं म्हणून तर पुढच्यांना मोजता आलं: रानात किती टक्के अळ्या ती मारते, कोणत्या औषधानं ती मरते, कोणत्यानं वाचते. बिननावाच्या माशीची अशी मोजणी कोण करणार? फवारणीत ती मेली, तर काय मेलं हेही कळत नाही. काका, मारायचं नाही म्हणूनच नाव पाहिजे.

सह्याद्रीत नव्या जाती सापडतात हे आपण पेपरात वाचतो. सातारा जिल्ह्यातून २०२१ साली युफिया स्यूडोडिस्पार ही टाचणीची, म्हणजे चतुरासारख्या बारक्या किड्याची, नवी जात जगापुढे आली, तेव्हा मलाही आनंद झाला. तिथे पाऊस आहे, जंगल आहे, आणि मुख्य म्हणजे बघणारी माणसं आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला दुष्काळाच्या बातम्या येतात, त्यामुळे इथे बघण्यासारखं काही नसणार असं इथल्याच माणसांना वाटतं. किनवटच्या जंगलाचं सोडा; केळीच्या एका वाफ्यात रात्री काय काय उडतं, याची साधी यादीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

माझी अर्धापूरची माशी नवी होती की जुनी, हा निकाल त्या निळसर स्पिरिटमध्येच बुडाला. मी अजून जूनमध्ये गावी जातो. धोतर फाटलं, आता जुनी चादर बांधतो. काकांना दम लागतो, ते बाजेवरूनच विचारतात, "आली का?"

तुमच्याही ओट्यावर पावसाळ्यात बल्ब जळत असेल. त्याच्याभोवती हळकुंडाच्या रंगाची, पाय सोडून तरंगणारी माशी दिसली तर फटका मारू नका. मेलेली सापडलीच तर काड्यापेटीत कापसावर ठेवा आणि सोबत चिठ्ठी घाला: गाव, तालुका, तारीख, दिवा कुठे होता, शेजारी पीक कोणतं. पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं नको.