निवृत्ती कुणाच्या वाट्याला येते?

निवृत्ती हा शब्द आपण वयाशी जोडतो. खरे तर तो नोकरीच्या प्रकाराशी जोडलेला आहे. ज्याच्याकडे नेमणूकपत्र, सेवापुस्तक आणि पेन्शन असते तो निवृत्त होतो. बाकीचे नुसते म्हातारे होतात.

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे. अणुऊर्जा, रेल्वे, शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली मंडळी इथे ज्येष्ठ नागरिक संघांत एकत्र येतात. सकाळी हास्यक्लब, महिन्याचे सामुदायिक वाढदिवस, वर्षाकाठी सहल आणि पाहुण्यांची व्याख्याने. विषय ठरलेले: मधुमेह, गुडघेदुखी, मृत्युपत्र, मोबाईलवरची फसवणूक, अधूनमधून प्रवचन. यात वाईट काही नाही. म्हातारपणी एकटेपणा माणसाला पोखरतो, आणि या सभासदांत आरक्षणामुळे घराण्यातली पहिली पेन्शन घेणारी आपलीही माणसे आहेत.

गेल्या वर्षी अशाच एका संघाने मला बोलावले. सुचवलेला विषय होता 'आनंदी वार्धक्य'. सभागृहात सगळे पुरुष. त्यांच्या बायका घरी स्वयंपाकाला, नातवंडांना. त्यांची निवृत्ती कोणत्या तारखेला, हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारला. थोडे हसले, थोडे गप्प झाले.

मग मी संविधानाच्या ४१ व्या कलमावर बोलले. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार तरतूद करावी, असे ते कलम सांगते. म्हणजे म्हातारपण ही मुलांच्या दयेवर सोडायची बाब नाही. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्याच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही. ते अमलात आणायचे तर राजकीय रेटा लागतो.

तो रेटा नसला की काय होते? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. वीटभट्टीवर राबलेल्या जव्हार-मोखाड्यातल्या आदिवासी म्हाताऱ्याने तो दाखला मिळवायला किती खेपा घालायच्या? कारखान्यातल्या कामगारासाठी १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि तीही किमान दहा वर्षांची सेवा भरली तरच.

एक काका उठले. "ताई, मग आम्ही काय करायचं? आमची पेन्शन सोडायची का?"

प्रश्न रागाचा होता, पण रास्त होता. उत्तर त्याच सभागृहात मिळाले. माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षे राबले, वेगवेगळ्या ठेकेदारांकडे. आज पेन्शन शून्य. हे मी भाषणात सांगितले होते. चहाच्या वेळी लेखा विभागातून निवृत्त झालेले एक सभासद जवळ आले. "ठेकेदार बदलला की दर वेळी पेन्शनचे पैसेही काढून घेतले असतील ना?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "तिथंच सेवा तुटली. स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर आधीची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली गेली असती."

ही माहिती आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर राहत होती. आमच्या वस्तीपर्यंत ती बावीस वर्षांत आली नाही.

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या नोकरदार वर्गाबद्दलची निराशा बोलून दाखवली. आपल्याकडे त्या भाषणाची आठवण बहुधा जयंतीची पावती फाडताना निघते. समाजाचे ऋण म्हणजे वर्गणी, असा सोपा अर्थ आपण लावून घेतला. पण तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट असते. अर्ज कुठे अडतो, पोच का घ्यायची, नावातली एक चूक पुढे कशी नडते, हे त्याला माहीत असते. ब्राह्मणी व्यवस्थेने ज्ञान अडवून ठेवले असे आपण म्हणतो. मग आपल्यातल्या निवृत्तांचे ज्ञान क्लबात अडकून पडले तर त्याला काय म्हणायचे?

आणि तरुणांनो, हा प्रश्न फक्त आईवडिलांचा नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. कंत्राटी भरती वाढते आहे आणि तिथे आरक्षणाचे काय होते ते आपण पाहतोच. सेवापुस्तक असलेली ही कदाचित आपली शेवटची मोठी पिढी असेल.

म्हणून एक ठोस काम सुचवते. प्रत्येक विहारात रविवारी दोन तास एक टेबल मांडा. दोन निवृत्त काका आणि मोबाईल चालवणारा एक तरुण बसवा. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते क्रमांक एकत्र जोडा, पासबुक तपासा, पैसे काढण्याआधी पेन्शनच्या सेवेचे काय होईल ते समजावून सांगा, श्रावणबाळचे अर्ज भरा. अडलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा. अशा शंभर नोंदी घेऊन पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो, तर ते नुसते निवेदन राहणार नाही. ४१ व्या कलमाचा हिशेब मागणे होईल.

जयभीम!