मुठीचा मुहूर्त

दानाला मुहूर्त लागत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नाला लागतो, वास्तुशांतीला लागतो, विहिरीवर पहिली कुदळ मारायलाही लागतो. देणाऱ्याने मात्र केव्हाही द्यावे, असा या म्हणण्याचा भावार्थ. ऐकायला हे मोठे गोड वाटते. पण माझे आयुष्य खेड्यात मुले शिकवण्यात आणि रात्री कादंबऱ्या लिहिण्यात गेले आहे. या दोन्ही धंद्यांत माणसे जवळून पाहावी लागतात. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, ‘केव्हाही देईन’ म्हणणारा माणूस बहुधा कधीच देत नाही; आणि दिलेच, तर ते तो जन्मभर विसरत नाही.

यातली दुसरी गोष्ट मी अनुभवाने सांगतो. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्या वर्षी गावातल्या एका सधन घरातून आमच्याकडे ज्वारीचे एक पोते आले. पदरात दोन मुले होती, म्हणून आईने ते घेतले. ज्वारी चार महिन्यांत संपली. पोते मात्र पुढची कित्येक वर्षे संपले नाही. ते कधी पारावर निघे, कधी लग्नाच्या पंगतीत निघे, कधी माझ्या पास झाल्याच्या पेढ्यांबरोबर निघे. तेव्हापासून आईने मनाशी एक गाठ मारली : कुणाचे काही घ्यायचे नाही. शेजारणीने दिवाळीच्या फराळाचे ताट पाठवले, तर त्याची भरपाई होईपर्यंत तिला झोप येत नसे. आणि ताट परत जाई ते दोन करंज्या जास्तच घेऊन.

ही गाठ पुढे सुटली ती आमच्या कन्हेरीत नव्हे, बारामतीतही नव्हे, तर मिरजेकडच्या एका खेड्यात. आणि तीही ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिरात!

मिरजेकडचे एक शिक्षक माझे स्नेही आहेत. आमची ओळख शिक्षकांच्या एका शिबिरात झाली आणि एकमेकांच्या डब्यातल्या चटणीवरून ती वाढली. ते आपल्या मंडळीत ‘वडील’ आहेत. हा मानाचा शब्द नसून हुद्दा आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. सोळाव्या शतकात जॉन नॉक्स वगैरे मंडळींनी स्कॉटलंडात जो पंथ रुजवला, त्याचे ‘प्रेसबिटेरियन’ हे नावच मुळी ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. त्यांच्यात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एका बाकावर बसतात आणि चार डोक्यांनी कारभार हाकतात. आपल्या गावच्या पंचांसारखेच म्हणा ना. फक्त यांच्यात आवाज थोडा कमी चढतो, असे माझे स्नेही म्हणतात. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

हा पंथ आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आला तो अमेरिकेहून. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. पुढे डॉक्टर विल्यम वानलेस आले आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीला ‘मिरजेला नेले’ एवढे दोन शब्द पुरत. त्यांचा अर्थ, आता देवाच्या आणि मिशनच्या हाती! १९२४ मध्ये या मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त मिळाल्या आणि १९७० साली नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यामुळे प्रेसबिटेरियन हे नाव आपल्याकडे आता क्वचितच कानी पडते. वडिलांच्या बाकाची रीत मात्र माझ्या स्नेह्यांच्या गावी टिकून आहे.

त्या बाकाजवळच्या कपाटात एक लांबट वही असते. स्नेह्यांनी ती मला दाखवली तेव्हा मला वाटले, जमाखर्च असेल. पण ते निघाले कामांचे पंचांग. जानेवारीत अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटी. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ज्याने जे सोडले असेल, म्हणजे कुणी चहा, कुणी मटण, कुणी तंबाखू, त्याचे वाचलेले पैसे डब्यात. मे महिन्यात मुलांची सुट्टीतली शाळा. तिच्यात गाणी, गोष्टी आणि गावातल्या कुणाही मुलाला मज्जाव नाही. मृगाच्या आधी एकट्या बायकांच्या घरांवरचे पत्रे आणि कौले तपासणे. शाळा उघडताना वह्या. सुगीनंतर हंगामाचा सण. डिसेंबरात घोंगड्या, आणि मग नाताळ.

पत्र्यांची नोंद वाचून मी थांबलो. “हे धर्माच्या वहीत कसे?” मी विचारले.

“पाऊस काय धर्म विचारून गळतो होय, गुरुजी?” स्नेही म्हणाले. “आणि तारीख घातली नाही तर घर गळायला लागल्यावरच आठवण होते. तोवर त्या बाईला दारोदार सांगत फिरावं लागतं. तेच नको.”

मला त्यांचा नाताळही पाहायला मिळाला. रात्री पोरांची टोळी पेटी आणि ढोलकी घेऊन घरोघर गात जाते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी भजनाचा आणि अभंगाचा बाज या मंडळ्यांना मिळवून दिला. त्यामुळे डोळे मिटून ऐकले तर क्षणभर काकडआरतीला आल्यासारखे वाटते. आणि फराळ? करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे! आपली दिवाळीच दीड-दोन महिने उशिरा आली म्हणावी. दिवाळीत हिंदू घरांतून गेलेली ताटे नाताळात भरून परत येतात. हा हिशेब गावात कोणी लिहीत नाही आणि कोणी चुकतही नाही.

पण मला सांगायचे आहे ते हंगामाच्या सणाचे. २०१८ साली दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी तिथे गेलो. बरोबर आई होती. तिचे गुडघे मिरजेला दाखवायचे होते. ते साल अवघड होते. सरकारने ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. “दुष्काळात कसला हंगामाचा सण?” असे आई वाटेत दोनदा म्हणाली.

प्रार्थनामंदिरात पुढे एक लांब मेज होते आणि त्यावर लोकांनी आणलेले ठेवले होते : जोंधळ्याची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, उसाच्या दोन मोळ्या, भोपळा, अंडी, एक चिडलेला कोंबडा. मेजाच्या कडेला धान्याच्या लहान लहान पिशव्यांची रांग होती. त्या मुठीच्या पिशव्या. घरातल्या बाईने रोज भाकरीचे पीठ घेण्याआधी एक मूठ बाजूला टाकायची, ती वर्षभर साठवायची. ज्याच्या घरी पीक आले त्याचीही मूठ आणि ज्याच्या घरी आले नाही त्याचीही मूठ. पिशवीवर नाव नाही.

उपासनेनंतर लिलाव झाला. असा लिलाव मी जन्मात पाहिला नव्हता. एक अंडे वीस रुपयांना गेले. घेणाऱ्याने ते पुन्हा मेजावर ठेवले; मग ते तीस रुपयांना गेले, पुन्हा मेजावर आले. असे चार वेळा विकून ते अंडे शेवटी एका पोराच्या हातून फुटले आणि सगळी मंडळी हसली. कोंबड्यासाठी दोन साडू हट्टाला पेटले. भोपळा पाळकांच्या गळ्यात पडला. आलेली रक्कम आणि मुठीचे धान्य पुढच्या वर्षभराच्या वहीसाठी ठेवले गेले.

आमच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने एका लिंबावर पाच रुपयांची बोली लावली, ते जिंकले आणि पदरात बांधले. बोलता बोलता कळले की, तिला कुणी नाही आणि मंडळीकडून तिला दर महिन्याला जोंधळा मिळतो. आईच्या कपाळावर आठी पडली. आईचे बोलणे तसे सडेतोड.

“आक्का, घेताना काही वाटत नाही हो तुम्हांला?”

“काय वाटायचं?” म्हातारी म्हणाली. “मी बी रोज मूठ टाकतेच की. माझंच थोडं माघारी येतंय.”

“पण तुम्ही मूठ टाकता ती त्यांच्याच जोंधळ्यातली ना?”

“मग? त्यांचा तरी कुणाचा हाय?”

आई पुढे काही बोलली नाही. परतीच्या एस. टी.तही बोलली नाही. त्या पोत्याला तेव्हा तीस वर्षे होऊन गेली असतील. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने तेलाचा एक रिकामा डबा घासून उन्हात पालथा घातला, आणि संध्याकाळी पिठाच्या डब्याशेजारी ठेवून त्यात बाजरीची एक मूठ टाकली. मी पाहिले, पण विचारले नाही.

मूठ ही काही एकाच पंथाची मिरास नव्हे. तिकडे मिझोरामात प्रेसबिटेरियन बायकांनी १९१०च्या सुमारास स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला टाकायला आरंभ केला. त्याला ते ‘बुहफाय थाम’ म्हणतात. त्या मुठींतून आज वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. आणि इकडे आपल्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा वसतिगृहातल्या गरीब मुलांचे पोट भरायला खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींचा मुष्टिफंडच धावून आला. जात्यावर बसण्यापूर्वी एक मूठ कुणाच्या तरी मुलासाठी! ज्यांनी ती टाकली त्यांपैकी कित्येकींना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

आमच्या बारामती तालुक्यालाही या गोष्टीची ओळख आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकात इथल्या जिरायती भागात पाझर तलाव झाले, ते बहुतांशी ‘कामासाठी धान्य’ या रीतीने. गहू आणि तेल येई ते ‘कासा’ या भारतातल्या चर्चसंस्थांच्या मदत मंडळाकडून. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी १९४७ साली सुरू झालेले हे काम. तांदुळवाडीच्या तलावाचे नाव जुनी माणसे अजून घेतात. त्या बांधांवर माती वाहिलेल्या एका आजोबांना मी विचारले, “फुकटचा गहू खाल्ल्यासारखे वाटले नाही?” ते म्हणाले, “फुकटचा कसला? पाणी बघ की विहिरीला!” मिरजेकडच्या म्हातारीचेच उत्तर, फक्त मुठीऐवजी पाटी.

मग २०१९चा ऑगस्ट आला. आमच्या जिरायती गावांत त्या उन्हाळ्यात टँकर फिरले होते. आणि तिकडे कृष्णा-पंचगंगेला पूर आला तो असा की, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. स्नेह्यांचे गाव उंचावर. त्यांनी प्रार्थनामंदिर उघडले, बाके बाहेर काढली आणि खालच्या वस्त्यांतली माणसे आत घेतली. वर्षभराच्या मुठी तीन दिवसांत शिजल्या. फोनवर ते एवढेच म्हणाले, “वही यंदा ऑगस्टातच संपली, गुरुजी.”

मी शाळेत मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले भाकऱ्या घेऊन आली. कुणी दोन, कुणी दहा, फडक्यात बांधलेल्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. ज्यांच्या दारात आठवड्याला एकदा टँकर येई, अशा घरांतल्याही होत्या. आईने आपला डबा उचलून टेंपोत ठेवला आणि टेंपोवाल्याला बजावले, “कुणी दिलं ते सांगू नकोस.” आयुष्यभर देणे फेडीत आलेल्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा कसलाही हिशेब न ठेवता दिले, असे मला वाटले.

आता आमच्याही शाळेत एक डबा आहे. तो कधी उघडायचा, याच्या तारखा मुलांनीच ठरवल्या : संक्रांत, अक्षय्यतृतीया, मृगाचा पाऊस, आणि तुकोबांची पालखी. पालखी का, असे मी विचारले. एक पोरगी म्हणाली, “काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं ना, त्या दिवशी सगळेच वारकऱ्यांना जेवायला घालतात आणि सगळेच वारकऱ्यांच्या पाया पडतात. कोण देतंय आणि कोण घेतंय, कळतच नाही.”

पाचवी तारीख त्यांनी दिवाळीची घातली आहे. सुगीची बाजरी घरात आलेली असते, अभ्यंगस्नान उरकलेले असते, फराळाचे डबे भरलेले असतात. त्या सकाळी डबा उघडायचा, आतले मापायचे आणि कुणाकडे जायचे ते गुपचूप ठरवायचे. आईची त्याला एकच पुस्ती आहे : ज्याच्या घरी धान्य जाईल, त्याच्याही पोराला डब्यात मूठ टाकायला सांगायचे. ती म्हणते, हे विसरलात तर बाकीचे सगळे केले नाही तरी चालेल.