पोट भरलेल्यांचा विषय?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, असं मी कित्येक भाषणांत ठोकून सांगितलंय. तंजावर जिल्ह्यात एका तमिळ कार्यकर्त्या मित्राकडे गेलो, पाल्कच्या उपसागरात कंबरभर पाण्यात उभा राहिलो, आणि ते विधान लटपटलं. पायाखाली समुद्री गवत होतं. शेवाळ नव्हे, मुळं असलेली, पाण्याखाली फुलणारी वनस्पती. मुळं गाळ धरतात, पात्यांत कोळंबी-खेकड्यांची पिल्लं वाढतात, डुगाँग तर यावरच जगतो. गवत गेलं की मासळी जाते आणि छोट्या होडीवाल्याची चूल विझते. मग हा विषय पोट भरलेल्यांचा कसा?

२०२२ साली तिथे ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर झालं. बांबूच्या चौकटींत काथ्याच्या दोऱ्यांना रोपं बांधून ती तळाशी लावतात. काम चांगलंच आहे. पण ट्रॉलरचं तळ खरवडणारं जाळं एकदा फिरलं की सगळं उपटलंच. (त्या ट्रॉलरवर राबणारा खलाशीही गरीबच, हे विसरू नका.) म्हणून मित्रांनो, रोपं किती लावली हे नंतर विचारा. आधी विचारा, जाळं कुठे फिरेल हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या होडीवाल्याला आणि जाळ्यातून खेकडे सोडवणाऱ्या बाईला खुर्ची आहे का?