झाकण घट्ट की हात लहान?

प्रिय सुमे,

तुझा निरोप ऐकला. नातू उठता-बसता ‘आजी, तू कर’ म्हणतो, आळशी होतोय का, ही तुझी काळजी. अगं, आधी माझ्या सईचं ऐक.

परवा तिनं खाऊचा डबा घेतला. झाकण ओढून पाहिलं, दात लावून पाहिले. मग माझ्या समोरून डबा घेऊन थेट आईकडे! आदल्या दिवशी मला ते उघडता आलं नव्हतं, आईला आलं होतं. तीन वर्षांची पोर, पण कुणाकडे जायचं ते तिला नेमकं ठाऊक.

ह्योवॉन ग्वॉन आणि लॉरा शुल्झ यांनी २०११ साली अमेरिकेत केलेला प्रयोग मला फार आवडतो. बाळं १६ महिन्यांची. त्यांच्यासमोर दोघीजणी एक खेळणं वाजवून बघतात. काही बाळांना दिसतं, की एकीकडून ते दोन्ही वेळा वाजतं, दुसरीकडून एकदाही नाही. बाकीच्यांना दिसतं, की दोघींकडूनही एकदा वाजतं, एकदा नाही. म्हणजे खोट खेळण्यातच. मग ते बाळाच्या हाती येतं, आणि वाजत नाही. पहिली बाळं बहुतेक करून ते शेजारच्या आई-बाबांपुढे धरतात, दुसरी जवळचं वेगळं खेळणं ओढतात. धड बोलता न येणारं लेकरू ‘मला जमत नाही’ आणि ‘हे बिघडलंय’ यांतला फरक ओळखतं, सुमे!

तेव्हापासून मी सईचं ‘तू कर’ कान देऊन ऐकते. झोपेच्या वेळचं असेल तर तिला फक्त मांडी हवी असते. फ्रॉकची बटणं मात्र खालून वर स्वतः लावत येते आणि गळ्याजवळच्या बटणाशीच थांबते, कारण ते तिला दिसत नाही. मग मी नुसतं काज ताणून धरते, बटण तीच सरकवते. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली होती. भिंत उभी राहिली की परांची उतरवायचीच असते. आपण घाईच्या सकाळी सगळी बटणं लावून मोकळ्या होतो, तिथे मला वाईट वाटतं.

टोरांटोत आता हातमोजे निघतील ना? नातू नेमका कुठे अडतो ते बघ. अंगठाच सापडत नसेल, तर तेवढाच आत सरकवून दे, आणि मला कळव.

तुझी,
कुमुद