वस्तादाच्या खुर्चीमागचं मुद्दल

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचं पदनाम आहे ‘ब्रॅडफर्ड एम. फ्रीमन डायरेक्टर ऑफ फुटबॉल’. फ्रीमन हे प्रशिक्षक नव्हेत, देणगीदार आहेत. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकपदाला असंच सेत्सुको इशियामा यांचं नाव आहे. देणगीदाराचं नाव मी इमारतीवर पाहिलं होतं, वाचनालयावर पाहिलं होतं, शाळेतल्या पंख्यावरसुद्धा पाहिलं होतं. माणसाच्या पदावर कधी पाहिलं नव्हतं. खेळ शिकवणाऱ्याच्या पगारासाठी कुणी कायमची ठेव ठेवतं, ही गोष्टच मला नवी होती.

मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. अमेरिकन फुटबॉल अजून पुरता कळत नाही, पण कुस्ती कळते. आमचं गाव कोल्हापूरजवळचं आणि माझ्या आबांची उमेदीची वर्षं तालमीत गेलेली. ऑफिसातला एक ज्येष्ठ सहकारी स्टॅनफर्डचा माजी विद्यार्थी आहे आणि तिथल्या कुस्ती संघाला दरवर्षी देणगी देतो. कोल्हापूरच्या तालमींविषयी माझ्याकडून ऐकल्यावर त्यानं मला विद्यापीठातल्या बर्नम पॅव्हिलियनमध्ये सामना बघायला नेलं.

लहानसं सभागृह. मधोमध मॅट, दोन कोपऱ्यांना दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांच्या खुर्च्या. १२५ पौंडांपासून हेवीवेटपर्यंत दहा वजनगट, म्हणून दहा कुस्त्या. पहिली फेरी तीन मिनिटांची, पुढच्या दोन प्रत्येकी दोन मिनिटांच्या. खाली दाबून धरण्याच्या वेळेत प्रतिस्पर्ध्यापेक्षा किमान एका मिनिटाची आघाडी राहिली तर त्याचाही एक गुण मिळतो, हे नवीनच. माझं लक्ष मात्र स्टॅनफर्डच्या कोपऱ्यातल्या माणसाकडे जात होतं. तो खुर्चीत टेकून बसतच नव्हता. पंचाचा एक निर्णय पटला नाही तेव्हा त्यानं हातातली फोमची वीट मॅटवर टाकली. ती टाकली की पंचांना व्हिडिओ पुन्हा बघावा लागतो. एक पोरगा हरून आला. त्याला बाजूला घेऊन, त्याचंच मनगट धरून, पकड नेमकी कुठे सुटली ते त्यानं दाखवलं. पोरगा मान हलवत होता, प्रशिक्षक पुन्हा पुन्हा तेच मनगट फिरवत होता. आबाही गावच्या पोरांना असंच शिकवत.

तिकिटांच्या पैशात या संघाचा विमानखर्चही निघणार नाही, हे उघड दिसत होतं. मग या माणसाचा पगार देतं कोण, असं मी सहकाऱ्याला विचारलं. उत्तर एका वाक्यात मिळण्यासारखं नव्हतं. त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि जे समजलं, ते इथे मांडते आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत खेळांचा मुख्य पैसा फुटबॉलच्या टीव्ही हक्कांतून येतो, त्याखालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलमधून. बाकीचे बहुतेक खेळ त्या पैशावर आणि देणग्यांवर जगतात. स्टॅनफर्डमध्ये एकूण ३६ खेळांचे संघ आहेत. त्यांचा आधार असलेला पॅसिफिक किनाऱ्यावरचा जुना विद्यापीठगट २०२३ साली फुटला. श्रीमंत करार मिळालेली विद्यापीठं निघून गेली आणि स्टॅनफर्डला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा घ्यावी लागली. तीही पूर्ण वाट्यावर नाही. पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला सुमारे ३० टक्केच वाटा, आणि सामन्यांसाठी सबंध देश ओलांडून जायचं. उत्पन्न कमी आणि प्रवास जास्त, असा हा व्यवहार आहे. शिवाय २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. फुटबॉलमध्ये टिकायचं तर हा पैसा उभा करावा लागतो, आणि तो उभा करताना लहान खेळांच्या पोटात गोळा येतो.

हा गोळा स्टॅनफर्डच्या कुस्तीगिरांनी आधीच अनुभवला होता. जुलै २०२० मध्ये विद्यापीठानं ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं. त्यांत कुस्ती होती, हॉकी होती, तलवारबाजी आणि स्क्वॉश होते. क्रीडा विभागाला वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरची तूट येणार, हे कारण दिलं गेलं. मी चक्रावले ते इथे. ज्या विद्यापीठाची ठेव त्या वेळी २,७०० कोटी डॉलरहून अधिक होती, त्याला एवढी तूट भरता येत नाही?

सहकाऱ्यानं मला हिशेब समजावला. ही ठेव म्हणजे एक गल्ला नाही, हजारो वेगवेगळे निधी आहेत. कर्करोगाच्या संशोधनासाठी दिलेला पैसा कुस्तीच्या मॅटवर खर्च करता येत नाही. देणगीदारानं घातलेली अट कायद्यानं पाळावी लागते. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरवर्षी साधारण पाच टक्के खर्चायचे, अशी पद्धत. म्हणजे एका प्रशिक्षकाला वर्षाला दोन लाख डॉलर पगार कायमचा द्यायचा असेल तर ४० लाख डॉलरचं मुद्दल हवं. ते ११ खेळ कायमचे सांभाळायला २० कोटी डॉलरहून जास्त लागतील, असं विद्यापीठानं तेव्हा सांगितलं होतं. हा आकडा आधी मला भीती घालण्यासाठी फुगवलेला वाटला. पाच टक्क्यांचं गणित मांडल्यावर तो पटला.

ज्या खेळामागे स्वतःचं मुद्दल नाही, तो खेळ दर अर्थसंकल्पात पुन्हा तराजूत पडतो, ही गोष्ट मला त्या दिवशी उमगली.

मार्च २०२१ मध्ये सेंट लुईसला राष्ट्रीय स्पर्धा झाली. १६५ पौंडांत स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह नसलेला काळा पोशाख घालून उतरला आणि विजेता झाला. विद्यापीठाच्या इतिहासातलं कुस्तीतलं हे दुसरंच राष्ट्रीय विजेतेपद. त्या लढतीची चित्रफीत मी आबांना फोनवर पाठवली. आबा म्हणाले, “पोरगं भारीच आहे. पण अगं, त्याच्या वस्तादाचं पुढं काय झालं?”

आबांचा प्रश्न मर्मावर होता. माजी विद्यार्थ्यांनी रान उठवलं, पैसा उभा केला, खटले दाखल झाले, आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठानं सर्व ११ खेळ कायम ठेवले. खेळ वाचला, पण ग्रिफिथला विजेता करणारे प्रशिक्षक जेसन बोरेली त्याच सुमारास अमेरिकन युनिव्हर्सिटीत गेले. त्यांच्या जागी रॉब कोल आले. त्यांनी कॉर्नेलमध्ये जवळजवळ तीन दशकं संघ घडवला होता. तेही २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला गेले. तिथे ते स्वतः विद्यार्थी म्हणून लढले होते. मग प्रिन्स्टनहून क्रिस एअर्स आले. दोन-अडीच वर्षांत एका खुर्चीत तीन माणसं. मुलाची विद्यापीठातली कारकीर्द चार-पाच वर्षांची. तेवढ्यात वस्ताद दोनदा बदलला तर अंगात मुरलेला डाव कुणाचा म्हणायचा?

यशस्वी प्रशिक्षक जातो तो नेहमी पैशासाठीच, असं नाही. मात्र खासगी विद्यापीठाला त्याला थांबवणं जड जातं, याची कारणं खरी आहेत. विद्यापीठाशेजारच्या पालो आल्टोच्या आसपास घर घेणं मोठ्या पगारदारालाही झेपत नाही, मग सहायक प्रशिक्षकाची काय कथा. १० लाख डॉलरच्या वरच्या पगारावर विद्यापीठाला २१ टक्के कर भरावा लागतो; २०१७ च्या कायद्यानं तो आला. चांगल्या जागेच्या तिकिटाचा हक्क मिळावा म्हणून दिलेल्या देणगीवर करात ८० टक्के वजावट मिळायची, तीही त्याच कायद्यानं गेली. त्यात पारदर्शकतेचा फरक. खाडीपलीकडच्या बर्कलीचं विद्यापीठ सरकारी असल्यामुळे तिथले करार कुणालाही मागवून वाचता येतात. स्टॅनफर्डमधले मोठे पगार फॉर्म ९९० नावाच्या करपत्रकातून उशिरा कळतात. आपली देणगी नेमकी कुठे पोचली, हे समजून घ्यायला देणगीदाराला वाट बघावी लागते. माझ्या मते खासगी विद्यापीठांनी हे आपणहून, वेळेवर सांगायला हवं. पैसा मागायचा तर हिशेबही द्यायचा.

तरीही माणसं राहतात. टॅरा व्हॅनडरव्हीर १९८५ साली स्टॅनफर्डला आल्या आणि २०२४ मध्ये निवृत्त झाल्या. महिला बास्केटबॉलची तीन राष्ट्रीय विजेतेपदं, कारकिर्दीत एकूण १,२१६ विजय. ऑलिंपिक संघासाठी एक मोसम रजा हवी होती, ती विद्यापीठानं दिली; अटलांटात सुवर्णपदक जिंकून त्या परत याच खुर्चीत आल्या. त्यांच्यानंतर आल्या केट पे, त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि नंतर सहायक झालेल्या. फुटबॉलमध्ये जिम हार्बॉ यांनी चार मोसमांत खालावलेला संघ वर आणला आणि २०११ मध्ये ते व्यावसायिक संघाकडे गेले. तेव्हा त्यांचे सहायक डेव्हिड शॉ यांना बसवलं गेलं. शॉ स्टॅनफर्डचेच माजी खेळाडू. ते बारा मोसम राहिले. नॉर्थ कॅरोलायनानं कोल यांना परत ओढलं आणि स्टॅनफर्डनं शॉ यांना धरून ठेवलं, ते याच एका धाग्यानं. माणूस जिथे घडला तिथली ओढ पगाराच्या आकड्यापेक्षा चिवट असते. पण ती ओढ असलेल्या माणसालाही पुढच्या वर्षी आपला संघ असेल याची खात्री हवी. ती खात्री भाषणांनी येत नाही, मुद्दलानं येते.

हे सगळं शिकताना मला खाशाबा जाधव सारखे आठवत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली आणि तिथे त्यांना डाव शिकवले ते रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसा नव्हता, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कॉलेजच्या खेळाडूसाठी याहून मोठी देणगी मला माहीत नाही. पण एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, याचा अर्थ कॉलेजकडे खेळासाठी राखून ठेवलेलं मुद्दल नव्हतं, असाही होतो. सत्तर वर्षं उलटली. त्या त्यागाचं कौतुक आपण अजून करतो, आणि तशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी अजून केलेली नाही.

म्हणून परदेशात किंवा पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या, आपल्या जुन्या कॉलेजवर जीव असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. जिंकलेल्या मुलाचा सत्कार करा, पण तिथेच थांबू नका. आपल्या बॅचनं मिळून क्रीडाशिक्षकाच्या किंवा वस्तादाच्या मानधनासाठी ठेव ठेवा, मुद्दल मोडायचं नाही आणि हिशेब दरवर्षी जाहीर करायचा, असं कागदावर लिहून घ्या. रक्कम लहान असली तरी चालेल. तिची अट पक्की हवी.