किटलीचा टवका

वॉशिंग्टनला गेलेला प्रवासी नॅशनल गॅलरीच्या पायऱ्या चढतो, तो बहुधा लिओनार्दोचे चित्र पाहायला. तिकीट पडत नाही, दालनेही पुष्कळ. पाय दुखेपर्यंत हिंडावे! पण याच संग्रहातली अठरा हजारांवर जलरंगचित्रे त्याला सहसा दिसत नाहीत. उजेडाने जलरंग विटतो, म्हणून ती अंधारात जपलेली असतात. आधी वेळ ठरवून गेलेल्या रसिकाला मात्र ती मागवून पाहता येतात.

आणि पाहायचे काय? तर खुर्च्या, गोधड्या, बाहुल्या, मडकी! माझे मन रमले ते कॉफीच्या किटल्यांत. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतकऱ्यांच्या घरांतल्या या किटल्या. लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा (आपल्या कल्हईचे कथिल तेच), त्यावर काळपट रोगण आणि रोगणावर तांबडी-पिवळी फळेफुले. चित्रकाराने पातळ रंगाचे थर एकावर एक चढवले आहेत. चकाकी दाखवायला पांढरा रंग वापरलेला नाही. तेवढा कागद कोरा राखला आहे. रोगणाचा टवका उडाला असेल, कड झिजली असेल, तर तीही जशीच्या तशी उतरली आहे. कुणाच्या तरी हाताने वर्षानुवर्षे किटली उचलली, ठेवली, घासली, हे त्या टवक्यावरून कळते.

ही चित्रे निघाली ती हौसेखातर नव्हे. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत चित्रकारही बेकार झाले. १९३५ साली सरकारने शेकडो जणांना पगारावर घेऊन देशातल्या जुन्या कारागिरीची चित्रनोंद करायला बसवले. रंगीत छायाचित्र तेव्हा महाग, शिवाय त्याचे रंग टिकाऊ नव्हते, म्हणून कुंचला. १९४२ पर्यंत हे काम चालले आणि पुढल्या वर्षी सारा संग्रह गॅलरीत आला.

ज्या हातांनी किटली घडवली, त्यांचे नाव बहुधा कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी ती रंगवली, त्यांनाही आपली चूल पेटती ठेवायची होती. राजाची तसबीर काढावी, त्याच निष्ठेने त्यांनी किटली काढली. पोटासाठी केलेल्या कामातही त्यांनी टवका चुकवला नाही, की लपवला नाही. ते चित्र पुन्हा खणात जाते, तेव्हा आपल्याबरोबर बाहेर येतो तो एवढासा टवकाच!