ओरत्तनाडूला भूत नाही

सिनेमांविषयी माझी मतं ठाम असतात आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो, हे आमच्या हाऊसमधला कुठलाही कॅडेट सांगेल. शनिवारी रात्री ऑडिटोरियममधून परतताना फॉल-इनमध्येही माझी टीका चालू असते आणि त्यापायी मी एकदा रगडाही खाल्ला आहे. तेव्हा आधी मतं सांगून मोकळा होतो.

'मुंज्या' (२०२४) मला अर्धा आवडला. कोकणातलं गाव, समुद्र, झाडाखालचा अंधार आणि सुहास जोशींची आजी, हे सगळं आपलं वाटतं. पण भूत जोवर झाडीत खुसपुसत असतं तोवरच भीती. एकदा ते पूर्ण दिसलं आणि पडद्यावर उड्या मारायला लागलं, की ते संगणकावर काढलेलं माकड होतं. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा आम्ही लहान होतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्यात भीती हस्तरची नाहीच. बाप मुलाला हावेचं शिक्षण देतो आणि मुलगा बापाच्या पुढे जातो, त्याची आहे. अॅक्शन सिनेमांबद्दल एकच सांगतो. ज्यात हिरो स्लो मोशनमध्ये चालताना मागे गाडी उडते, तो सिनेमा मी पाहतो, शिट्टीही वाजवतो आणि जेवणाच्या रांगेत पोचेपर्यंत विसरतो.

'अमरन' मात्र विसरता येत नाही. बाबांची बदली तंजावरच्या हवाई दलाच्या तळावर झाल्यामुळे २०२४ ची दिवाळी मी तिकडे काढली. तमिळनाडूत दिवाळी एका दिवसाचीच. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, आणि मग घरंच्या घरं सिनेमाला निघतात. 'अमरन' त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला लागला होता. मेजर मुकुंद वरदराजन ४४ राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. २५ एप्रिल २०१४ रोजी शोपियान जिल्ह्यातल्या काझीपथरी गावी अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. हे आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून लिहितो. सिनेमा त्यांच्या पत्नीच्या आठवणींतून पुढे सरकतो. मला तमिळ येत नाही. बाबा शेजारी बसून अर्धं-मुर्धं सांगत होते आणि मध्येच सांगायचे थांबले. चकमकी चांगल्या घेतल्या आहेत, पण मला ताण आला तो फोनच्या प्रसंगांत. पलीकडून कुणी उचलत नाही, एवढंच. आई त्या वेळी कुठेही न बघता पडद्याकडे बघत होती. तिने आयुष्यभर अशी किती वेळा वाट पाहिली असेल, हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं.

पण मला लिहायचं आहे ते दिवाळीनंतरच्या रविवारबद्दल.

बाबांचे एक सहकारी ओरत्तनाडूचे. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर त्यांचं गाव. त्यांनी आम्हांला जेवायला बोलावलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना भातशेती आणि नारळ. गावात शिरल्यावर अंकल म्हणाले, "जेवणाआधी तुम्हांला तुमच्याच राजाची इमारत दाखवतो." ते हिंदीत बोलत होते आणि 'तुमचा राजा' म्हणताना हसत होते.

ती इमारत म्हणजे मुक्तांबाळ छत्रम. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधली. दर्शनी भाग रथासारखा केलेला आहे, दगडी हत्ती आणि घोडे तो ओढत आहेत असा. आत लांबलचक ओवऱ्या आणि खांब. काही भाग मोडकळीला आला आहे, भिंतींतून झाडं उगवली आहेत. संध्याकाळी एकट्याने उभं राहावं अशी जागा नव्हे. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोक्यात लगेच सिनेमा सुरू झाला. जुना वाडा, बंद खोली, मेलेली बाई. मी अंकलना विचारलंच, "इथे भूत आहे असं म्हणतात का?"

अंकल म्हणाले, "माझे वडील याच आवारातल्या शाळेत शिकले. त्यांना फक्त हेडमास्तर दिसायचे."

मग त्यांनी मुक्तांबाळची गोष्ट सांगितली. ती सरफोजीराजांची प्रिय सखी होती, लग्नाची राणी नव्हे. ती तरुणपणीच गेली. जाताना तिने राजाकडे मागणं केलं, की माझ्या नावाने एक छत्र बांधा, तिथे वाटसरूंना जेवू घाला. निदान लोक तसं सांगतात. गावाला त्यावरून मुक्तांबाळपुरम असंही नाव पडलं. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अशी बरीच छत्रं उभारली होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा ही छत्रं तरी आपल्याकडे राहावीत यासाठी सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात छत्रांत काय काय चालतं हे सांगितलं आहे. कुठल्याही जातीच्या वाटसरूला जेवण. वेद शिकवणारे गुरू, मुलांना शिकवणारे मास्तर. आजाऱ्यांसाठी आणि सर्पदंशासाठी वैद्य. वाटेत आईबाप मेलेल्या मुलांना ठेवून घेऊन सांभाळायची आणि शिकवायची सोय. गरोदर बाईला बाळंतपणापर्यंत आणि नंतरही आसरा. ओरत्तनाडूच्या छत्रात गरजू मुलांसाठी मोफत शाळा होती. तंजावरच्या मोठ्या देवळात १८०३ चा भला मोठा मराठी शिलालेख आहे. तो बाबांनी मला आदल्या दिवशी अभिमानाने दाखवला होता आणि मी मोबाइलमध्ये फोटो काढून पुढे सरकलो होतो. इथे फोटो काढायचं सुचलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा अंकलच्या आई, म्हणजे पाट्टी, केळीच्या पानावर भात वाढत होत्या. मी भुताबद्दल विचारलं हे त्यांना कळलं होतं. त्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि सगळे हसले. अंकलनी अर्थ सांगितला: "रोज एवढी माणसं जिथे जेवून झोपत होती, तिथे भुताला जागा कुठली?"

बोलणं सिनेमांवर आलं. मी 'भूल भुलैया'चं नाव काढलं तसे अंकल म्हणाले, "ते सगळं मल्याळममधून आलं. तिथली बाई तर आमच्या तंजावरची आहे. मूळ बघ." त्या रात्री बाबांच्या लॅपटॉपवर सबटायटल लावून मी 'मणिचित्रताळ्' (१९९३) पाहिला. आमच्या हाऊसमधल्या सर्व हॉरर तज्ज्ञांना माझं सांगणं आहे, की हा सिनेमा पाहिल्याशिवाय तुम्ही तज्ज्ञ नाही. केरळातल्या जुन्या घरात एक खोली कुलूपबंद आहे. त्यात नागवल्ली नावाची नर्तकी आहे असं सगळे मानतात. घरमालकाने तिला तंजावरहून आणलं होतं आणि मारलं होतं. घरात राहायला आलेली गंगा ती खोली उघडते. पुढे भूत म्हणून जे दिसतं ते भूत नसतं, आजारपण असतं. लहानपणी आईबापांपासून लांब वाढलेल्या, गोष्टी ऐकत एकट्या राहिलेल्या मुलीचं आजारपण. मोहनलालचा डॉक्टर मांत्रिकाला हाकलून देत नाही. त्याचीच मदत घेतो आणि तिला बरी करतो. शोभनाला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिचा एका क्षणात बदलणारा चेहरा पाहिल्यावर कुणालाही तो कमीच वाटेल.

या सिनेमाच्या नकला निघाल्या. कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४), तमिळमध्ये रजनीकांतचा 'चंद्रमुखी' (२००५), हिंदीत 'भूल भुलैया' (२००७). एकामागून एक आठवताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मल्याळम सिनेमातलं भूत तमिळ बोलतं. कन्नड आणि तमिळ सिनेमांतलं भूत तेलुगू बोलतं. हिंदी सिनेमातलं भूत बंगाली बोलतं. प्रत्येक ठिकाणी भूत परमुलखातून आणलेली, एकटी पडलेली बाई, आणि तिच्या तोंडी घरच्यांना न समजणारी भाषा. ती तिची भाषा बोलायला लागली, की थिएटर गप्प होतं. भाषा परकी आहे, एवढ्यानेच निम्मी भीती तयार होते. पहिल्या सिनेमात ही युक्ती शेवटी उलगडून दाखवतात. पुढे 'भूल भुलैया २' (२०२२) मध्ये डॉक्टर गेला आणि खरंच भूत आलं. विनोद वाढले, माणूस कमी झाला. 'भूल भुलैया ३' मी नंतर पाहिला. शेवटी भूत मुळात कोण होतं हे उघड होतं तिथे तो क्षणभर शहाणा होतो. तो क्षण सांगणार नाही, पण त्यासाठी दोन तास थांबावं लागतं.

हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी लॅपटॉप बंद केला, पण झोप आली नाही. मला दोन वर्षांपूर्वीचा सहावीतला एक कॅडेट आठवला होता.

तो गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यातला. तिकडे घरोघर तेलुगू बोलतात. त्याचं मराठी चांगलं होतं, पण झोपेत तो तेलुगू बोलायचा. मी तेव्हा नववीत होतो. शनिवारी 'भूल भुलैया २' दाखवला होता आणि माझ्यातला दिग्दर्शक जागा झाला होता. लाइट्स आऊटनंतर मी ज्युनियर मुलांना एक गोष्ट रचून सांगितली. आमच्या डॉर्मच्या टोकाला ट्रंक रूम आहे. तिथे फार पूर्वी एक बाई कोंडली गेली, आणि ती रात्री कुणाच्या तरी तोंडून बोलते. माझी गोष्ट संपली आणि दहाएक मिनिटांनी तो झोपेत बोलायला लागला.

इतका चांगला इफेक्ट मला पैसे देऊन मिळाला नसता. मुलं किंचाळली. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेजारच्या दोघांनी कॉट सरकवल्या. मग त्याची कॉट दाराजवळ गेली. त्याला एक नाव पडलं, ते मी इथे लिहीत नाही. रविवारी ट्रंक रूममधून सामान आणायचं असलं की सगळे त्यालाच पाठवायचे, "तुझीच आहे ती" म्हणून. काही दिवसांनी त्याने झोपणंच कमी केलं. पीटीला उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचा आणि त्याबद्दल शिक्षा घ्यायचा. मॅट्रननी विचारलं तेव्हा त्याने काही सांगितलं नाही. सगळं ठाऊक असूनही मीसुद्धा सांगितलं नाही. हळूहळू ते थंडावलं, कारण पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांना दुसरं काहीतरी सापडलं.

आम्ही सगळेच इथे घर सोडून आलेले. तरी त्यातल्या त्यात जास्त लांबून आलेला मी नेमका शोधून काढला. पाट्टींना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, की त्या मुलाच्या पानात कुणी वाढत होतं की नाही.

सुट्टी संपवून परत आल्यावर मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी प्रेपनंतर त्याला गाठलं. तो आता आठवीत आहे, फुटबॉलच्या टीममध्ये आहे. मी मोठं भाषण तयार केलं होतं. ओरत्तनाडूपासून सुरुवात केली. तो अटेन्शनमध्ये उभा राहून ऐकत होता, त्यामुळे आणखी अवघड झालं. शेवटी मी म्हणालो, "चूक माझी होती. गोष्ट मी रचली होती."

तो म्हणाला, "माहीत होतं सर. तुम्हीच रचली हे सगळ्यांना माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर म्हणाले असते, तीच बोलतेय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने मी विचारलं, की झोपेत तू काय बोलायचास. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मला काय माहीत सर, मी झोपलेला असायचो."

त्याला पुन्हा आतल्या रांगेत कॉट हवी असेल तर हाऊस मास्टरांशी बोलतो, असं मी म्हणालो. तो नको म्हणाला. दाराजवळ वारा चांगला येतो.